उतारवयातील विद्यार्थी

कोवळी फांदी वळवावी तशी वळते. वाळलेली फांदी वळवू गेले तर ती मोडते. म्हणून जे काही शिकवावयाचे ते लहानपणीच शिकवावे, असे वडीलधारी माणसे सांगतात. या सांगण्यात पुष्कळ तथ्य आहे. परंतु प्राणी म्हणजे काही झाडाची फांदी नव्हे. त्याला पाहता येते, ऐकता येते, आठवता येते आणि आपल्या माणसावर प्रेमही करता येते. मग ठरावीक वयानंतर त्याच्या शिकण्याचे दार खरोखरच बंद होते काय? या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका म्हाताऱ्या कुत्र्याकडून घेऊ.

इंग्लंडात कुत्र्यांविषयी अशीच एक समजूत फार जुनी आहे. सोळाव्या शतकात फिट्झहर्बर्ट नावाच्या गृहस्थाने शेतकीवर एक पुस्तक लिहिले. मेंढपाळाच्या कुत्र्याने आपले काम पिल्लू असतानाच शिकले पाहिजे, म्हाताऱ्या कुत्र्याला ते शिकवणे कठीण, अशा आशयाचा अभिप्राय त्यात आढळतो. पुढे म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या युक्त्या शिकवता येत नाहीत, अशी म्हणच इंग्रजी भाषेत रूढ झाली. आणि ती कुत्र्यांइतकीच माणसांनाही लावली जाऊ लागली.

ही समजूत कितपत खरी आहे, हे पडताळून पाहण्याची एक जागा आहे. ती म्हणजे श्वानांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा. गंमत अशी, की या स्पर्धांचा अमेरिकेतील जन्मही एक चुकीची समजूत खोडून काढण्यासाठीच झाला. न्यूयॉर्क राज्यात हेलेन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या एक बाई पूडल जातीचे कुत्रे पाळीत असत. पूडलचे केस दाट आणि कुरळे असतात. ते नाना तऱ्हांनी कातरून त्याला सजवण्याची तिकडे चाल आहे. त्यामुळे हा कुत्रा नुसता शोभेचा, त्याच्या अंगी कर्तृत्व नाही, असे म्हणून लोक हसत. वॉकरबाई वाद घालीत बसल्या नाहीत. इंग्लंडात कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या परीक्षा होत असत. त्यांच्या धर्तीवर त्यांनी १९३३ साली माउंट किस्को या गावी एक परीक्षा भरवली. त्या दिवशी अवघे आठ कुत्रे रिंगणात उतरले. पण त्या लहानशा आरंभातून मोठी चळवळ उभी राहिली. १९३६ साली अमेरिकन केनेल क्लब या संस्थेने अशा परीक्षांना मान्यता दिली. पुढच्याच वर्षी वॉकरबाई आणि त्यांच्या सहकारी ब्लँच सॉन्डर्स तीन पूडल बरोबर घेऊन मोटारीने निघाल्या आणि सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून त्यांनी ठिकठिकाणी या कुत्र्यांची कामे लोकांना दाखवली. शोभेचा कुत्रा काय करू शकतो, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

या परीक्षेत कुत्र्याला उंच उड्या किंवा नवलाचे खेळ करून दाखवावे लागत असतील, असे तुम्हांला वाटेल. वरच्या वर्गांत उड्या असतात. परंतु पहिल्या वर्गातील कामे अगदी साधी दिसतात. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने धन्याच्या डाव्या बाजूने, त्याच्या पावलाला पाऊल जुळवून चालावयाचे. धनी हळू चालला तर हळू, धावला तर धावत, आणि तो थांबला की लगेच बसावयाचे. मग दोन उभ्या माणसांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळसे घ्यावयाचे. या कामाला ४० गुण असतात. पट्टा सोडूनही असेच चालून दाखवावे लागते. त्यालाही ४० गुण. परका परीक्षक अंगाला हात लावीत असता न हलता उभे राहणे, रिंगणाच्या दुसऱ्या टोकाहून एकाच हाकेसरशी धन्याकडे सरळ येणे, धनी पट्टा आणावयास दूर गेला तरी बसल्या जागी राहणे, आणि इतर कुत्र्यांच्या ओळीत शांतपणे बसणे व पडून राहणे, या चार कामांना प्रत्येकी ३० गुण. एकूण गुण २००. उत्तीर्ण होण्यासाठी १७० गुण तर हवेतच. शिवाय प्रत्येक कामात निम्म्याहून अधिक गुण हवेत. सहा महिन्यांहून लहान पिल्लाला रिंगणात प्रवेश नाही. मात्र वयाची वरची मर्यादा कोणीही घातलेली नाही. २०१० सालापासून मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही हे रिंगण खुले झाले आहे.

आता नऊ वर्षांचा एक लॅब्राडॉर कुत्रा आपण डोळ्यांपुढे आणू. मोठ्या चणीच्या कुत्र्याला हे वय म्हणजे म्हातारपणच. त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत. आयुष्यभर तो घराच्या अंगणात सुखाने राहिला. त्याला कोणी काही शिकवले नाही. आणि आता त्याच्या धन्याच्या मनात त्याला परीक्षेला बसवावयाचे आले आहे. हा विचार वेडेपणाचा आहे काय?

ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याविषयी मोलाची माहिती देतो. त्यांनी बॉर्डर कॉली जातीचे ९५ कुत्रे घेतले. त्यांतील सर्वांत लहान पाच महिन्यांचा, तर सर्वांत मोठा तेरा वर्षांचा होता. त्यांना एका पडद्यावर चित्रे दाखवीत. योग्य चित्राला नाक लावले की खाऊ मिळे. चुकीच्या चित्राला लावले तर मिळत नसे. कोणते चित्र योग्य हे शिकावयास म्हाताऱ्या कुत्र्यांना तरुणांपेक्षा अधिक वेळा प्रयत्न करावे लागले. म्हणजे जुनी समजूत अगदीच निराधार नव्हती. परंतु गोष्ट येथे संपत नाही. पुढे चुकीचे म्हणून ठाऊक झालेले एक चित्र आणि एक अगदी नवे चित्र शेजारी शेजारी दाखवले. ‘हे चुकीचे, तर ते दुसरे बरोबर असले पाहिजे’ असे अनुमान तेथे करावयाचे होते. या कामात म्हातारे कुत्रे तरुणांपेक्षा सरस ठरले. एकदा चुकीचे ठरलेल्या चित्राकडे ते सहसा वळत नसत. आणखी सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा शिकलेले लक्षात ठेवण्यात लहानथोरांत फरक आढळला नाही. थोडक्यात, म्हातारा विद्यार्थी सावकाश शिकतो. पण तो शिकतो, आणि शिकलेले विसरत नाही.

तेव्हा आपल्या लॅब्राडॉरचे शिक्षण सुरू होण्यास हरकत नाही. पण पहिला धडा कुत्र्याला नव्हे, तर त्याच्या धन्याला शिकावयाचा असतो. समजा, धनी म्हणतो ‘बस’, आणि कुत्रा उभाच राहतो. पुन्हा म्हणतो, तेव्हा तो कसाबसा, एका अंगावर कलून बसतो. धन्याला राग येतो. ‘किती हट्टी जनावर आहे!’ असे म्हणून तो आवाज चढवतो. पण शहाणा शिक्षक येथे थांबतो आणि कुत्र्याला पशुवैद्याकडे नेतो. पुष्कळदा असे आढळते, की वयपरत्वे कंबरेचे सांधे झिजले आहेत आणि प्रत्येक वेळी बसताना त्या मुक्या प्राण्याला कळा येतात. धन्याला जो हट्ट वाटला, ती वेदना होती. हाक ऐकून न येणारा कुत्रा उद्धट नसतो. कदाचित त्याला ऐकू कमी येत असते. म्हणून डोळे, कान, दात, हृदय आणि सांधे तपासून घेतल्यावाचून म्हाताऱ्या कुत्र्याचे शिक्षण आरंभू नये. जे त्याच्या शरीराला झेपत नाही, ते त्याच्याकडून मागणे हे शिक्षण नव्हे, छळ होय.

वैद्याने संमती दिली म्हणजे खरी तयारी सुरू होते. म्हाताऱ्या कुत्र्याला तासन् तास राबवावयाचे नसते. एका वेळी चार-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, एवढा सराव पुरतो. आधी थोडे हळू फिरवून त्याचे अंग मोकळे करावे. जमीन गुळगुळीत नसावी. घसरणाऱ्या फरशीवर त्याचे पाय फाकतात आणि तो धास्तावतो. मऊ हिरवळ सर्वांत चांगली. योग्य कृती घडताच त्याच क्षणी शाबासकी द्यावी आणि खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. उशिरा दिलेली शाबासकी कशासाठी होती, हे कुत्र्याला उमगत नाही. मात्र परीक्षेच्या रिंगणात खाऊ देता येत नाही. म्हणून काम पक्के झाल्यावर खाऊ हळूहळू कमी करीत जावे लागते.

म्हाताऱ्या कुत्र्याची एक अडचण पिल्लाला नसते. पिल्लाची पाटी कोरी असते; याच्या पाटीवर नऊ वर्षांची अक्षरे आहेत. धन्याने आजवर हजारदा ‘ये’ म्हटलेले असते आणि हजारदा कुत्रा आला नाही तरी काही बिघडलेले नसते. त्यामुळे ‘ये’ हा शब्द त्याच्या लेखी वाऱ्याच्या आवाजासारखा झालेला असतो. झिजलेले नाणे बाजारात चालत नाही, तसाच हा प्रकार. त्यावर उपाय सोपा आहे. जुना शब्द टाकून द्यावा आणि नवा घ्यावा. नव्या शब्दाशी प्रत्येक वेळी आनंदाची गाठ घालावी, आणि तो शब्द उगाच उच्चारू नये. शब्दाच्या जोडीला हाताची ठळक खूणही शिकवून ठेवावी. उद्या कान अधू झाले तरी ती खूण त्याला दिसेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अंगणात शिकलेले काम मैदानावर कुत्रा विसरला, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे पाहता तो विसरलेला नसतो. ‘बस’ म्हणजे अंगणात, या पायरीपाशी बसणे, एवढाच अर्थ त्याने घेतलेला असतो. म्हणून तेच काम रस्त्याच्या कडेला, बागेत, इतर कुत्र्यांच्या समोर, असे जागा बदलून पुन्हा पुन्हा करवून घ्यावे लागते. हे सर्व करताना शिक्षकाच्या धीराची कसोटी लागते. पण या वयाचा एक लाभही आहे. फुलपाखरू दिसताच उधळणाऱ्या तरुण कुत्र्याला एका जागी बसवणे महाकठीण. आपल्या म्हाताऱ्याला मात्र स्वस्थ बसण्याची गोडी आधीपासूनच असते.

अखेर परीक्षेचा दिवस उजाडतो. आपला लॅब्राडॉर रिंगणात येतो. तो धन्याबरोबर चालतो. वळताना किंचित मागे राहतो, तेथे त्याचा अर्धा-एक गुण जातो. थांबल्यावर तो सावकाश बसतो, तेथेही थोडे गुण कमी होतात. परीक्षक त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून, मागल्या अंगावरून हात फिरवतो. तो हलत नाही. मग धनी त्याला बसवून रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला जातो, वळतो आणि नवा शब्द एकदाच उच्चारतो. नऊ वर्षांत हाकेला न आलेला तो कुत्रा उठतो आणि शेपूट हलवीत सरळ धन्यापुढे येऊन बसतो.

तो उत्तीर्ण होईल काय? कदाचित होईल, कदाचित होणार नाही. रिंगणाचा नियम असा आहे, की लंगडणाऱ्या कुत्र्याला परीक्षकाने बाहेर पाठवावे. ऐन दिवशी कुत्र्याचे पाऊल अडखळू लागले, तर महिनोन् महिने केलेली मेहनत बाजूला ठेवून धन्याने स्वतःच त्याला घरी नेले पाहिजे. ज्याला हे साधते, त्याच्या हाती गुणपत्रिका आली नाही, तरी तो परीक्षेत हरला असे कोण म्हणेल?

तीन परीक्षांत उत्तीर्ण होणाऱ्या कुत्र्याला या पहिल्या वर्गाची पदवी मिळते. तिचे नाव आहे ‘कंपॅनियन डॉग’, म्हणजे सोबतीचा कुत्रा. नाव किती योग्य आहे पाहा! आपला लॅब्राडॉर नऊ वर्षे त्या घरात राहत होता. पण त्याला काय दुखते, काय ऐकू येते, कोणता शब्द कळतो आणि कशाने आनंद होतो, हे त्याच्या धन्याला शिकवू लागल्यानंतरच कळले. कुत्रा उतारवयात शिकला, यात नवल आहेच. त्याच्याबरोबर त्याचा धनीही शिकला, हे त्याहून मोठे नवल होय.

तुमच्या घरी आजोबा किंवा आजी एखादी नवी गोष्ट शिकू पाहत असतील आणि ती त्यांना चटकन् साधत नसेल, तर हसू नका. एकदा नव्हे, दहादा सांगा, हळू सांगा, समजेल अशा शब्दांत सांगा. दार बंद आहे असे म्हणण्यापूर्वी आपण ते नीट ठोठावले होते काय, हे आधी स्वतःला विचारा.

स्वाध्याय

१. वॉकरबाईंनी १९३३ साली परीक्षा का भरवली?
२. व्हिएन्ना येथील अभ्यासात म्हातारे कुत्रे कोठे मागे पडले आणि कोठे सरस ठरले?
३. ‘धन्याला जो हट्ट वाटला, ती वेदना होती.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. जुना शब्द टाकून नवा शब्द का घ्यावा लागतो? लेखकाने त्यासाठी कोणता दृष्टांत दिला आहे?
५. घरातील वडील माणसाला तुम्ही एखादी नवी गोष्ट कशी शिकवाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.