रविवारचं जेवण पबात

चि. अनिकेत यास,


रविवारीही तू खोलीतच कुकर लावून बसतोस, असं ताईकडून कळलं. एक रविवार तरी सोड. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कड्याखाली ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ नावाचा पब आहे, तिथे दुपारी जेवायला जा. वर्गातल्या दोघातिघांना सोबत ने.

भिंतीवर ११८९ असं ठळक रंगवलेलं दिसेल. इंग्लंडचा पहिला रिचर्ड राजा गादीवर आला ते हे साल. जेरुसलेमकडे धर्मयुद्धाला निघालेले लोक इथे घसा ओला करून गेले, अशी कथा आहे. पुरावा काही नाही. आजची इमारत साधारण सतराव्या शतकातली. गावातले ‘बेल इन’ आणि ‘सॅल्युटेशन’ हेही आपणच सर्वांत जुने म्हणतात. ‘बेल’च्या तुळया तपासल्या, तर त्या पंधराव्या शतकातल्या निघाल्या, म्हणून माझं मत तिकडे. पण तिथे बसून हे ठासून सांगू नकोस, विचार. ‘खरंच का हो ११८९?’ एवढं म्हटलंस की शेजारच्या टेबलावरचे आजोबाही खुर्ची वळवतील. मागच्या खोल्या मात्र नीट बघ, त्या थेट वालुकाश्मात कोरलेल्या आहेत. माडीवर काचेच्या पेटीत धुळीने लडबडलेलं एक छोटं गलबत आहे. ते पुसणारा मरतो म्हणे! झाडलोट टाळायला इतकी नामी सबब आपल्याकडे कुणाला सुचली नाही.

जेवण साधं असतं: भाजलेलं मांस, बटाटे, गाजर, कोबी आणि वरून सढळ ग्रेव्ही. बीफ नको असेल तर कोंबडी घे, नाहीतर नट रोस्ट. त्यातही बटाटे चरबीत भाजलेत का आणि ग्रेव्ही कशाची आहे, हे विचारायला लाजू नकोस. यॉर्कशर पुडिंग गोड नसतं; अंडी, दूध, मैद्याचं ते फुगलेलं पोकळ प्रकरण पूर्वी मांसाच्या आधी वाढायचे, म्हणजे पोट आधीच भरावं आणि महागडं मांस पुरावं. काटकसर इंग्रजांनाही कळते. पुडिंग ग्रेव्हीत बुडवून गरम असतानाच खा.

मागणी बहुधा काउंटरवर जाऊन द्यावी लागते. रांग दिसली नाही तरी कुणाचा नंबर कधी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हात हलवून बोलावू नकोस. कुणी तुला पेय पाजलं तर पुढची खेप तुझी. दारू प्यायलाच हवी असं नाही, लाइम-सोडा घेतलास तरी कुणी भुवई उंचावत नाही, हे ताईलाही सांग.

आणि जेवून लगेच उठू नकोस. १९९५ पर्यंत कायद्याने रविवारी दुपारी ३ ते ७ पब बंद ठेवावे लागत. आता तसं बंधन नाही. असाइनमेंट संध्याकाळी होईल.

टेबल मात्र आधी राखून ठेव. रविवारी दीड वाजता नुसतं जाऊन उभं राहिलास, तर जागा मिळायची नाही.

तुझा,
मामा