लेकराच्या पोटात भाजी कशी जाईल? : मऊ भरल्या पराठ्यांचा पाठ



वर्षावासात दर रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन आटोपले की अर्धा तास आम्ही महिला मंडळाच्या बाया आरोग्यावर बोलतो. आषाढ पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. सगळी लेकरे विहारभर पळत होती आणि दोन वर्षांची एक मुलगी मात्र आईच्या पदराला धरून गपगार बसली होती. वाचन संपल्यावर आम्ही तिची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली. आतली बाजू लालसर हवी, ती पांढुरकी दिसली. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८ भरले. या वयात ते निदान ११ असावे लागते.

"काय खाते पोर?" आम्ही विचारले.

"चहा-बिस्कीट. भाजी तोंडात घातली की थुंकते."

आम्ही नेहमीप्रमाणे सांगू लागलो, पालेभाजी द्या, डाळ द्या, फळ द्या. ती बाई शांतपणे म्हणाली, "ताई, मी सकाळी साडेसहाला धुण्याभांड्याला जाते, साडेअकराला येते. तोवर हिला हिची दहा वर्षांची बहीण सांभाळते, मग ती दुपारच्या शाळेला जाते. तिच्या हातानं भाजी-भाकरी कुस्करून भरवणं होतंय का? पुडा फोडला की काम भागतं."

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे आम्ही सल्ला देत होतो, पण तो सल्ला सकाळी नऊ वाजता कोणाच्या हातून लेकराच्या तोंडात जाणार आहे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. आजचा पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे.

दोष आईचा नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दहा लेकरांत जवळजवळ सात. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ५३.८ टक्के होता. इतक्या घरांत एकच दुखणे असेल तर एकेका आईला बोल लावून काही साधणार नाही.

पण चहा-बिस्किटाचे नुकसान मात्र समजून घ्या. बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. लेकराचे पोट लहान, ते चार बिस्किटांत भरते आणि मग जेवणाची भूक मरते. चहातला तुरटपणा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून पाच वर्षांच्या आतील मुलाला चहा देऊच नये, जेवणाबरोबर तर मुळीच नाही.

बिस्कीट जिंकते कारण ते हातात धरता येते, सांडत नाही आणि दहा वर्षांची ताईसुद्धा ते देऊ शकते. म्हणून त्याच्या जागी येणारा पदार्थही हातात धरता येणारा, न सांडणारा आणि काही तास मऊ राहणारा हवा. भाजीचा पराठा असा आहे.

पहिला पराठा : बटाटा-पाल्याचा, भरलेला

हा गरम गरम, आई घरी असताना द्यायचा. साहित्य सहा लहान पराठ्यांचे आहे.

पारीसाठी : २ वाट्या बारीक दळलेली कणीक, १ चमचा तेल, २ चमचे दही, लागेल तसे कोमट पाणी.

सारणासाठी : उकडलेले २ मध्यम बटाटे, १ किसलेले गाजर, १ वाटी शेवग्याचा पाला किंवा मेथी, २ चमचे डाळ्यांचे पीठ, चिमूटभर जिरेपूड, अर्ध्या लिंबाचा रस, किंचित मीठ. मिरची नको.

१. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास चुकवू नका. कणकेत पाणी नीट मुरले की पराठा मऊ होतो आणि लाटताना ओढून धरत नाही.

२. पाला दोन-तीन पाण्यांत धुवा. पावसाळ्यात पानाला चिखल आणि किडीची अंडी चिकटलेली असतात. देठ काढून पाने अगदी बारीक चिरा. लांब देठाचा दोरा लेकराच्या घशात अडकतो.

३. लोखंडी कढईत चमचाभर तेलावर पाला आणि गाजर पाणी आटेपर्यंत परता. लोखंडी भांड्यातले थोडे लोह अन्नात उतरते. परतलेली भाजी मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

४. बटाटे कुस्करू नका, किसणीवर किसा. गाठ राहिली तर पारी फाटते. भाजी, बटाटा, डाळ्यांचे पीठ आणि जिरेपूड एकत्र करा. मीठ आणि लिंबू अगदी शेवटी घाला. मीठ आधी पडले तर सारणाला पाणी सुटते.

५. पुरणपोळीला करतो तसा उंडा भरा. तो पाच मिनिटे राहू द्या, मग हाताने थापून कडेकडेने हलक्या हाताने लाटा. जाडी पोळीच्या दुप्पट असू द्या.

६. तवा मध्यम आचेवर ठेवा. मंद आचेवर पराठा फार वेळ राहिला तर वाळतो, मोठ्या आचेवर बाहेरून कडक आणि आतून कच्चा राहतो. दोन्ही बाजूंना थोडे तेल किंवा तूप सोडा. उतरवल्याबरोबर सुती फडक्यात गुंडाळा. त्या वाफेनेच तो मऊ राहतो.

पाल्यातून मिळणारे लोह शरीर सहजासहजी घेत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने ते चांगले लागू पडते. म्हणून सारणातले लिंबू वगळू नका.

दुसरा पराठा : लाल भोपळ्याचा, ताईच्या हाती ठेवून जाण्याचा

बटाट्याचे सारण दमट हवेत लवकर आंबते. म्हणून मागे ठेवायचा पराठा बिनबटाट्याचा करा. दोन वाट्या किसलेला लाल भोपळा चमचाभर तेलावर झाकण न ठेवता परता, पाणी आटू द्या. सुपारीएवढा गूळ घाला. थंड झाल्यावर त्यात पाव वाटी बेसन आणि मावेल तेवढी कणीक घालून वरून पाणी न घालता मळा. छोटे पराठे लाटून दोन्ही बाजूंनी नीट भाजा. थोडे निवल्यावर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. सहाला केलेला पराठा नऊपर्यंत संपला पाहिजे. उरलेला दुपारच्यासाठी ठेवू नका. वास आला किंवा तार सुटली तर तो टाकूनच द्या.

भोपळा आणि गाजर यांतून डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व मिळते. ते अंगी लागायला तेल-तूप हवेच.

वय पाहून द्या

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरचे अन्न सुरू करा आणि दूध दोन वर्षांपर्यंत, जमल्यास पुढेही चालू ठेवा.

आठ-नऊ महिन्यांच्या बाळासाठी मीठ आणि गूळ न घातलेला पराठा वेगळा करा आणि पातळ वरणात भिजवून, बोटांनी मळून भरवा. वर्षभरानंतर पराठ्याचे बोटाएवढे मऊ तुकडे हाती द्या. दोन वर्षांचे मूल एक लहान पराठा खाते. तेवढे खाल्ले नाही तर रागावू नका, थोड्या वेळाने पुन्हा द्या. नवी चव मुले आठ-दहा वेळा नाकारतात आणि मग घेतात.

खाताना लेकरू खाली बसलेले असावे. पळत किंवा झोपून खाल्ले तर घास घशात अडकतो. ताईला हे करून दाखवा. आणि दोघींनी आधी साबणाने हात धुवायचे.

नुसता पराठा पुरत नाही. बरोबर दही, घट्ट वरण किंवा उकडलेले अंडे असू द्या. घरात कोंबडी किंवा मटण शिजले तर कलेजीचा मऊ तुकडा आधी लेकराच्या ताटात जाऊ द्या, मुलगा असो की मुलगी. त्यातले लोह सर्वांत लवकर अंगी लागते.

पराठा औषध नाही

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाचे औषध आणि जंताची गोळी दिली. हिमोग्लोबिन वाढवण्याचे मुख्य काम त्या औषधाने केले. पराठ्याने तिला जेवणाकडे वळवले आणि चहा सुटला. परवा रक्त तपासले तेव्हा ९.६ भरले. अजून पल्ला बाकी आहे. पण परवाच्या वाचनाला ती इतर पोरांबरोबर पळत होती आणि तिची ताई तिच्यामागे.

लेकरू सुस्त असेल, माती-खडू खात असेल, तळहात पांढरे दिसत असतील तर आधी आरोग्य केंद्रात न्या.

आपला हक्क मागा

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. आई-लेकराचे पोषण हे उपकाराचे काम नाही, हे आपण तेथून शिकलो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. ५ वर्षांखालील मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध मिळावे अशी सरकारी योजना आहे. वर्षाच्या पुढच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक गोळी मिळते. हे मिळत नसेल तर एकटीने भांडू नका, मंडळाने मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

येत्या रविवारपर्यंत

एक : घरातल्या प्रत्येक लहान मुलाची पापणी उजेडात पाहा. दोन : आठवड्यातून तीन दिवस बिस्किटाऐवजी पराठा द्या. तीन : एक दिवस कणीक घरातल्या पुरुषाने मळावी. लेकरू दोघांचे आहे. चार : मुलांना अंगणवाडीतून काय मिळाले ते वहीत लिहून आणा.

आळवी नगरीची कथा विहारात आपण ऐकली आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी उशिरा धम्म ऐकायला आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच उपदेश केला. आम्ही इतकी वर्षे आधी उपदेश करत होतो. आता विहारात रविवारी वाचनानंतर तवा मांडतो. आपापले पोळपाट-लाटणे घेऊन या, लेकरांनाही आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!