तबकडीत किती मावावे?

व्यास १२ सेंटिमीटर, जाडी जेमतेम १.२ मिलिमीटर, मधोमध एक भोक आणि अंगावर इंद्रधनुष्याची झाक, अशी ही तबकडी दिसावयास अगदी साधी असते. परंतु तिच्या पोटात एखादे अख्खे नगर वसलेले असू शकते. त्यातील रस्ते, घरे, माणसे, माणसांचे बोलणे, पडणारा पाऊस, एवढेच नव्हे तर पावसाचा आवाजही तीत साठविलेला असतो. व्हिडिओ गेम या नावाने ओळखले जाणारे खेळ अनेक वर्षे अशाच तबकड्यांवरून घरोघरी पोचले. हे खेळ चालविणाऱ्या यंत्रास कन्सोल असे म्हणतात. कन्सोल दूरचित्रवाणी संचाला जोडावा, त्यात तबकडी सरकवावी आणि खेळास प्रारंभ करावा, अशी त्याची रीत.

खेळ जसजसे मोठे होत गेले, तसतसा एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येऊ लागला. कन्सोलला अधिक माहिती मावेल अशी नवी तबकडी हवी काय? वरवर पाहता हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. तथापि त्यात पैशाचा, वेळेचा आणि शेवटी मालकीचाही विचार गुंतलेला आहे.

तबकडीवर माहिती कशी साठविली जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे. तिच्या अंतरंगात सूक्ष्म खळग्यांची एक रेषा आतून बाहेर वेटोळे घेत जाते. लेसर किरण त्या खळग्यांवरून फिरतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातील फरकावरून यंत्र माहिती वाचते. सीडीवरील ही रेषा उलगडून सरळ केली, तर ती पाच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. कागदावर जाड बोरूने लिहिले तर थोडाच मजकूर मावतो. बारीक टाकाने लिहिले तर त्याच कागदावर पुष्कळ मावतो. मात्र बारीक अक्षर वाचावयास दृष्टीही तीक्ष्ण हवी. लेसर किरण ही यंत्राची दृष्टी होय. त्याची तरंगलांबी जितकी कमी, तितकी ही दृष्टी अधिक तीक्ष्ण.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण वापरतात आणि तिच्यावर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावते. डीव्हीडी १९९६ मध्ये आली. तिचा तांबडा किरण ६५० नॅनोमीटरचा असून तिच्या एका थरात ४.७ गीगाबाइट, तर दोन थरांत सुमारे ८.५ गीगाबाइट माहिती राहते. एक गीगाबाइट म्हणजे ढोबळ मानाने हजार मेगाबाइट. त्यानंतरच्या ब्लू-रे तबकडीसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा किरण योजला गेला आणि एका थरात २५ गीगाबाइट माहिती मावू लागली. सीडीवरील रेषेच्या दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रॉन होते. ब्लू-रेमध्ये ते ०.३२ मायक्रॉन, म्हणजे पाचपट कमी झाले. तिन्ही तबकड्यांचा आकार मात्र तोच राहिला. अक्षर तेवढे बारीक होत गेले.

अधिक जागेचे महत्त्व प्रथम ठळकपणे दिसले ते १९९० नंतरच्या दशकात. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन हा कन्सोल १९९४ मध्ये जपानात आला. त्याचे खेळ सीडीवर असत. निन्टेन्डो कंपनीने १९९६ मध्ये आपला निन्टेन्डो ६४ हा कन्सोल आणला, परंतु तबकडी न स्वीकारता कार्ट्रिजची जुनी पद्धत कायम ठेवली. कार्ट्रिज ही माहिती साठविणारी एक छोटी पेटी होय. तिच्यातून माहिती क्षणार्धात मिळे, हा तिचा मोठा गुण. परंतु सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्येही ६४ मेगाबाइटच मावत आणि ती बनविण्यास खर्चही फार येई. ‘फायनल फॅन्टसी’ या गाजलेल्या मालिकेचे पहिले सहा खेळ निन्टेन्डोच्याच यंत्रांसाठी निघाले होते. सातवा खेळ १९९७ मध्ये निघाला, तो मात्र प्लेस्टेशनवर आणि तीन सीडींमध्ये. त्यातील चलच्चित्रे कार्ट्रिजमध्ये मावणे शक्य नव्हते. जागा अपुरी पडली म्हणजे कलावंत दुसरे अंगण शोधतो, ही गोष्ट तेव्हा सर्वांच्या ध्यानात आली.

पुढे २००० मध्ये प्लेस्टेशन २ ने डीव्हीडी स्वीकारली आणि काही काळ जागेची चिंता मिटली. परंतु खरा वाद उभा राहिला तो २००५ आणि २००६ या वर्षांत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये डीव्हीडीच होती. सोनीने २००६ मध्ये आणलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे होती. एक पक्ष म्हणे, “खेळाला डीव्हीडी पुरेशी आहे, महाग यंत्रभागाचा बोजा ग्राहकावर कशाला?” दुसरा पक्ष म्हणे, “आज पुरेशी असली तरी उद्या ती पुरणार नाही.” दोन्ही बाजूंत तथ्य होते. अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० ची किंमत आरंभी २९९ आणि ३९९ डॉलर होती. प्लेस्टेशन ३ ची ४९९ आणि ५९९ डॉलर. नव्या तबकडीचे वाचनयंत्र हे त्या महागाईचे एक मोठे कारण होते. उलटपक्षी, २०१० मध्ये ‘फायनल फॅन्टसी १३’ हा खेळ दोन्ही यंत्रांसाठी उपलब्ध झाला, तेव्हा प्लेस्टेशन ३ वर तो एका ब्लू-रे तबकडीत मावला, तर एक्सबॉक्स ३६० साठी तीन डीव्हीडी लागल्या. खेळणाऱ्याला मध्येच उठून तबकडी बदलावी लागे, इतकेच.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रांजण कितीही मोठा असला, तरी त्याचे तोंड अरुंद असेल तर पाणी हळूहळूच निघते. तबकडीचेही तसेच आहे. प्लेस्टेशन ३ मधील ब्लू-रे वाचनयंत्र एका सेकंदात सुमारे ९ मेगाबाइट माहिती वाचू शके. या गतीने २५ गीगाबाइटांची तबकडी पूर्ण वाचावयास जवळजवळ ४६ मिनिटे लागतात! म्हणून अनेक खेळांतील काही माहिती आधी यंत्राच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी लागे. हवी ती माहिती शोधताना किरणाला तबकडीवर इकडून तिकडे जावे लागते आणि त्यातही वेळ जातो. हा वेळ वाचावा म्हणून एकाच वस्तूची माहिती अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहून ठेवण्याची युक्ती योजली गेली. खेळातील प्रत्येक गल्लीच्या माहितीपाशी त्याच टपालपेटीचे चित्र पुन्हा लिहावे, असा हा प्रकार. म्हणजे तबकडीवरील काही जागा खेळाच्या विस्ताराने नव्हे, तर वाचनाच्या मंदपणामुळे भरत असे.

या वादाचा निकाल काय लागला? दोन्ही कन्सोल जगभर प्रत्येकी आठ कोटींहून अधिक विकले गेले. केवळ तबकडीच्या बळावर कोणी जिंकला नाही, कोणी हरलाही नाही. परंतु २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या पुढील यंत्रात ब्लू-रे स्वीकारली. ‘उद्या पुरणार नाही’ असे म्हणणाऱ्यांचे भाकीत येणेप्रमाणे खरे ठरले. फक्त तो ‘उद्या’ त्यांच्या अपेक्षेहून उशिरा उगवला.

मात्र २०१३ च्या यंत्रांनी तबकडीचे कामच पालटून टाकले. खेळ आता तबकडीवरून चालेना; तो प्रथम हार्ड डिस्कवर उतरवून घेतला जाई आणि तेथूनच चाले. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हे साधन आले. त्यातून सेकंदाला ५.५ गीगाबाइट माहिती मिळू शकते. तिच्यापुढे तबकडीची गती म्हणजे आगगाडीपुढे बैलगाडी! त्याच वर्षीच्या यंत्रांत १०० गीगाबाइटांपर्यंतच्या तबकड्या चालू लागल्या खऱ्या. परंतु तबकडी आता केवळ खेळ घरी पोचविणारी बैलगाडी उरली. घरी पोचल्यावर काम एसएसडीचे. २०१८ मधील ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा प्लेस्टेशन ४ वरील खेळ दोन तबकड्यांत आला. एक तबकडी उतरवून घेण्यापुरती आणि दुसरी खेळण्यासाठी होती. त्यामुळे खेळणाऱ्याला तबकडी मध्येच बदलण्याचा त्रासही उरला नाही.

मग तबकडी आणखी मोठी हवी काय? मोठी तबकडी बनविणे अशक्य नव्हते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २०१४ मध्ये दीर्घकालीन संग्रहासाठी ३०० गीगाबाइटांची तबकडी जाहीर केली होती. ती कन्सोलमध्ये आली नाही. कारण खेळ इंटरनेटवरून थेट उतरवून घेण्याची सोय झाली. प्लेस्टेशन ५ चा एक प्रकार तबकडीच्या वाचनयंत्राविनाच निघाला. २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो या यंत्रातही ते नाही; हवे असल्यास वेगळे विकत घ्यावे लागते. तबकडीची गरज संपली, असे कोणाला वाटल्यास नवल नाही.

परंतु थोडे गणित करून पाहावे. इंटरनेटची गती सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर १०० गीगाबाइटांचा खेळ उतरवावयास ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास लागतात. ज्याच्या घरी वेगवान जोडणी आहे त्याला हे कळणार नाही. ज्याच्या घरी ती नाही, त्याला तबकडीचे मोल ठाऊक असते.

याहून महत्त्वाची गोष्ट मालकीची आहे. तबकडी मित्राला देता येते, विकता येते, कपाटात जपून ठेवता येते. इंटरनेटवरून घेतलेल्या खेळाचे तसे नसते. विकणाऱ्याचे दुकान उघडे असेल तोवरच तो मिळतो. निन्टेन्डोने वी यू आणि ३डीएस या यंत्रांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद केली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. केवळ तेथेच मिळणारे खेळ नव्या ग्राहकाला दुर्लभ झाले. एवढ्यावरून हाती तबकडी असली म्हणजे सर्व काही मिळाले, असेही समजू नये. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ तबकडीवरही विकला गेला होता. परंतु तो चालण्यास कंपनीच्या सर्व्हरशी सतत संपर्क लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि तबकडी कपाटात असूनही खेळ मात्र चालेनासा झाला. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी तर काही खेळांची अशी कार्डे निघाली, की ज्यांत खेळच नसतो. खेळ इंटरनेटवरून उतरविण्याची केवळ किल्ली असते. अशी किल्ली दुसऱ्याला देता येते हे खरे, पण कोठार मात्र दुसऱ्याच्याच अंगणात राहते.

जागा वाढली म्हणजे खेळ चांगला होतो, असेही नाही. १९८५ मधील ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जगभर खेळला गेलेला खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा होता. त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरील झुडपे यांची आकृती एकच आहे. रंग तेवढे निराळे. जागेच्या टंचाईतून अशी कल्पकता जन्मास येते.

तेव्हा तबकडीत किती मावावे, या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येत नाही. वेगासाठी मोठी तबकडी नको, कारण ते काम आता दुसरे साधन करते. दिपविण्यासाठीही नको, कारण उत्तम खेळ थोड्या जागेतही रचता येतो. परंतु खेळ जेवढा असेल तेवढा, पूर्ण आणि स्वयंपूर्ण, विकत घेणाऱ्याच्या हाती पडावा एवढी जागा तिच्यात अवश्य हवी. ती एका तबकडीत मिळो वा दोन तबकड्यांत. ग्रंथ एका खंडात छापला काय किंवा दोन खंडांत छापला काय, वाचकाचे काही बिघडत नाही. त्याची शेवटची पाने मात्र दुकानदाराच्या पेटीत राहता कामा नयेत.

अभ्यास

१. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांचा आकार एकच असूनही त्यांत कमीअधिक माहिती का मावते? पाठातील उपमेच्या आधारे सांगा.
२. ‘रांजण मोठा, पण तोंड अरुंद’ हे वर्णन तबकडीला कसे लागू पडते?
३. २०१३ नंतर तबकडीचे काम कसे पालटले?
४. ‘द क्रू’ या खेळाच्या उदाहरणावरून कोणता बोध होतो?
५. सेकंदाला २० मेगाबिट गती असल्यास ५० गीगाबाइटांचा खेळ उतरवावयास किती वेळ लागेल? (१ बाइट = ८ बिट)
६. वाक्यांत उपयोग करा : स्वयंपूर्ण, उलटपक्षी, दुर्लभ, भाकीत.
७. ‘वस्तू जवळ असणे आणि वस्तूची मालकी असणे’ या विषयावर दहा ओळी लिहा.