तुरीचा शेंडा खुडण्यापूर्वी

मृग-आर्द्रात पेरलेली तूर श्रावणात जोमाने वर येऊ लागली की तिचे शेंडे खुडावेत, ही शिफारस ऐकून अकोला-अमरावती भागातील पुष्कळ शेतकरी बंधू साशंक होतात. ‘वाढत्या पिकाचा गळा कापावयाचा काय?’ असा प्रश्न प्रस्तुत लेखकास बांधावर अनेकदा ऐकावा लागला आहे. प्रश्न रास्त आहे. खुडताना काय निघून जाते व काय मागे राहते हे ठाऊक नसेल, तर मजुरी वाया जाण्याचा संभव असतो.

शेंड्यावरील कोवळी पाने एकेक करून सोलीत गेल्यास अगदी आत, डोळ्यास दिसेल न दिसेल असा, एक इवलासा घुमट असतो. खरा शेंडा तोच. त्याच्या माथ्यावर मूलपेशी असतात. त्यांच्या विभाजनातून कडेस सरकलेल्या पेशींपासून पाने, पेरी व बेचक्यांतील डोळे बनतात; माथ्यावर राहिलेल्या पेशी मात्र मूलपेशीच राहतात. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत त्यांची संख्या अवघी तीस-चाळीस असते. कणगीत राखलेल्या बियाण्याप्रमाणे ही पुंजी रोज खर्च होऊनही आटत नाही, आणि फुगतही नाही.

याचा उलगडा २००० साली त्याच वनस्पतीवरील संशोधनातून झाला. मूलपेशींच्या खालच्या पेशींत ‘वुशेल’ नावाचे जनुक कार्य करते. त्याचे प्रथिन वर जाऊन मूलपेशींना मूलपेशी म्हणून टिकवून धरते. उलट मूलपेशी ‘क्लॅव्हाटा-३’ नावाचा निरोप खाली धाडून वुशेलला आवर घालतात. मूलपेशी वाढल्या की निरोप वाढतो व वुशेल मंदावते. त्या घटल्या की वुशेल पुन्हा जोर धरते. हा आवर सुटल्यास शेंडा बेसुमार रुंदावतो. अंगणातील कोंबड्याचा पसरट तुरा हाही रुंदावलेल्या शेंड्याचाच प्रकार होय.

आता गळा कापण्याविषयी. प्रत्येक पानाच्या बेचक्यातील डोळ्यात अशीच मूलपेशींची स्वतंत्र पुंजी असते. शेंड्याकडून खाली उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक त्या डोळ्यांना दाबून ठेवते, असे थिमन व स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये दाखविले. शेंडा खुडला की तो दाब उठतो, शेंड्याच्या वाट्याची साखर डोळ्यांकडे वळते आणि बाजूच्या फांद्या फुटतात. तुरीत फांद्या वाढल्या म्हणजे शेंगांना जागा वाढली.

ज्वारीत नेमका उलट अनुभव येतो. खोडमाशीची अळी पोंग्यात शिरून वाढीचा बिंदूच कापते व पोंगा सुकतो. बुडातील डोळ्यांतून फुटवे येतात खरे. परंतु ते मागे पडतात आणि मुख्य ताटाच्या कणसाची भरपाई सहसा करीत नाहीत. कपाशीत शेंडा खुडतात तोही वेगळ्या हेतूने: पुरेशा फळफांद्या आल्यावर उंची थांबावी व अन्न बोंडांकडे जावे म्हणून.

तुरीची पहिली खुडणी पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, जमिनीत ओल असताना करावी. दुसरी करावयाची झाल्यास त्यानंतर सुमारे वीस दिवसांनी. वरचा कोवळा शेंडा दोन-तीन बोटे लांबीचा, आतील मिटलेल्या पानांसह खुडला गेला पाहिजे. एका शेतात मजुरांनी घाईने केवळ वरची उमललेली पाने तोडली होती. घुमट जागच्या जागी राहिला, आणि तूर पूर्ववत सरळ वर चढली!

कळ्या दिसू लागल्यावर मात्र हात आवरावा. फूल घडताना त्या ठिकाणची मूलपेशींची पुंजी संपते. त्यातून मग फांदी मिळत नाही. पावसाने ओढ दिली असेल तर थांबावे, कारण तहानलेल्या झाडास नवी फूट पोसवत नाही. ज्या ओळींचे शेंडे रोह्यांनी आधीच खाल्ले असतील त्या पुन्हा खुडू नयेत. तेथील खुडणी विनामजुरी झालेली असते.