शिरेतले औषध

दवाखान्यात खाटेजवळ लोखंडी दांडा असतो. त्याला बाटली टांगलेली असते. बाटलीतून नळी निघते आणि आजाऱ्याच्या हातात जाते. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्या नळीतून काय जाते, हे विचारतो कोण? आज आपण तेच पाहू.

पाथर्डी तालुक्यातली एक बाई. दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको ऊसतोडीला निघाली. मुकादमाची उचल घेतलेली होती. प्रवरेकाठी कोपी पडली. एके दिवशी उसावरून कोयता निसटला आणि बाईच्या नडगीवर बसला. जखम फार मोठी नव्हती. तिने हळद दाबली, चिंधी बांधली आणि पुन्हा ऊस तोडू लागली. बसून कसे चालेल? एक दिवस बसले की खाडा पडतो. खाडा उचलीत चढतो.

तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. कातडी लाल झाली, तापली. अंगात हुडहुडी भरली. रात्री ती भलतेसलते बोलू लागली. शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हणाली, "बाहेरचं काहीतरी लागलंय हिला."

बाहेरचे लागले होते हे खरे. पण ते भूत नव्हते. ते जंतू होते. जखमेच्या वाटेने ते आत शिरले, वाढले आणि त्यांचा जोर साऱ्या अंगात गेला. अशा वेळी माणूस दोन दिवसांत दगावू शकतो. नवऱ्याने 108 नंबरला फोन लावला. त्या गाडीला पैसे पडत नाहीत. पहाटे बाई दवाखान्यात पोचली.

तिथे सिस्टरने हातात सुई टोचली. बाई घाबरली. "ही सुई आत मोडली तर गं?"

सिस्टर म्हणाली, "मावशी, सुई मी केव्हाच काढली. आत आहे ती मऊ नळी. हात हलवा खुशाल, ओढू नका म्हणजे झालं."

पुष्कळ माणसे सुई आतच आहे असे समजून हात लाकडासारखा धरून बसतात. तसे करण्याचे कारण नाही. मात्र नळीच्या जागी आग होऊ लागली, सूज आली, लाली आली, तर लगेच सांगावे. नळी दुसऱ्या जागी घालता येते. औषध सुरू होताच अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या, घसा आवळला किंवा दम लागला, तर क्षणभरही थांबू नये. ओरडून सांगावे. पूर्वी कोणत्या औषधाने असा त्रास झाला असेल, तर ते आधीच सांगावे.

आता गोळी न देता शिरेतून औषध का? गोळी पोटात जाते, विरघळते, मग रक्तात मिसळते. त्याला वेळ लागतो. ओकारी झाली तर गोळी बाहेर. शिरेतले औषध थेट रक्तात जाते. ज्याच्या जिवावर बेतले आहे, त्याला थांबायला वेळ नसतो. साध्या दुखण्याला मात्र गोळी पुरते.

इथे एक गोष्ट सांगतो. बाटली म्हणजे औषध नव्हे. सलाईनच्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ असते, एवढेच. जंतू मारणारे औषध त्यात मिसळावे लागते, आणि त्याला बहुधा छोटी बाटली पुरते. आपल्याकडे मात्र अंग दुखले की "डॉक्टर, एक बाटली लावा" असे म्हणतात. मोठ्या बाटलीने समाधान होते. असल्या समाधानाला पैसे मोजू नयेत, असे आम्हांला वाटते.

बाईला दर आठ तासांनी औषध होते. रात्री झोपेतून उठवत, म्हणून ती चिडे. पण औषध लघवीवाटे बाहेर जाते. रक्तात त्याचा जोर कमी झाला, की जंतू पुन्हा डोके वर काढतात. म्हणून वेळ पाळायची. दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीचा कागद आला आणि डॉक्टरांनी औषध बदलले. नवरा म्हणाला, "आधीचं चुकलं काय?" चुकले नव्हते. कोणता जंतू आहे हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर हात बांधून बसता येत नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. बाईने भाकरी मागितली. मुकादमाचा निरोप आला. "बरी झाले मी, काढा ही नळी," असे ती म्हणू लागली.

इंग्लंडमधली एक गोष्ट ऐका. आल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस होता. त्याच्या तोंडावरची जखम चिघळली. एक डोळा गेला. 12 फेब्रुवारी 1941 रोजी ऑक्सफर्डला त्याच्या शिरेत पेनिसिलिन दिले. ते औषध तेव्हा अगदी नवे होते. दुसऱ्याच दिवसापासून त्याला उतार पडू लागला. पण औषध होते थोडे. त्याच्या लघवीतून गाळून तेच पुन्हा दिले. पाच दिवसांत सारे संपले. जंतू उरले होते, ते पुन्हा वाढले. 15 मार्चला तो वारला.

पुढे 1944 साली पुण्याला आगाखान महालात कस्तुरबा गांधी शेवटच्या दुखण्यात होत्या. त्यांच्यासाठी पेनिसिलिन कलकत्त्याहून विमानाने आणले होते. सुयांनी त्यांचे हाल नकोत असे गांधीजींना वाटले, म्हणून ते दिले नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, 1954 साली, जवळच पिंपरीला असली औषधे करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. जे विमानाने आणावे लागे, ते आपल्या दाराशी होऊ लागले.

त्या पोलिसाला औषध मिळाले नाही. आमची ही बाई मिळणारे औषध सोडून निघाली होती. किती दिवस द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. कमी पुरत असेल तर तेच कमी करतात. सिस्टरने नवऱ्याला बाजूला घेतले. "आज नेलीत तर आठ दिवसांत परत आणाल. तेव्हा पाय राहील की नाही, सांगता येत नाही."

नवरा बराच वेळ बाहेर बसून राहिला. मग त्याने मुकादमाला फोन करून सांगितले, "खाडे धरा."

सातव्या दिवशी नळी काढली. पुढे गोळ्या होत्या. कागदावर लिहिले होते, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. नवऱ्याने बोट ठेवून ते वाचले आणि गोळ्या मोजल्या. पंधरा भरल्या. मग तो कागद त्याने आधारकार्डाच्या पिशवीत घातला.