काडीकचऱ्यातून रस्ता

रस्ता कशाचा करतात असे कुणी विचारले, तर आपण पटकन सांगू, खडीचा आणि डांबराचा. पण हे डांबर येते कुठून?

जमिनीच्या पोटातून खनिज तेल काढतात. ते शुद्ध करताना पेट्रोल, डिझेल, रॉकेल निघते आणि शेवटी काळा, चिकट भाग उरतो. तेच आपले डांबर. खडीत मिसळण्यासाठी ते सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी इंधन जळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. सिमेंटचा रस्ता केला तरी सुटका नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात, तेव्हा तिच्यातूनही हाच वायू निघतो. तो हवेत वाढला की पृथ्वी तापते.

मग रस्त्यात दुसरे काय घालता येईल? तीन उदाहरणे पाहू.

१) प्लॅस्टिक : मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिकचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकले. ते वितळून खडीला चिकटले. त्यामुळे डांबर कमी लागले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (पण घरी प्लॅस्टिक जाळू नका हं! तो धूर विषारी असतो.)

२) पोलादाची मळी : पोलाद वितळवताना वर मळी येते. थंड झाली की ती दगडासारखी कठीण होते. २०२२ साली सुरतजवळ हजिरा येथे खडीऐवजी ही मळी वापरून रस्ता केला. तितका डोंगर फोडायचा वाचला.

३) काडीकचरा : झाडाच्या काडीला ताठपणा देणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. पिकांच्या काडीकचऱ्यापासून इंधन बनवताना तो उरतो. आपल्या महाराष्ट्रात नागपूर-मनसर रस्त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये असे लिग्निन मिसळलेल्या डांबराचा १ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. आपल्या भाताच्या पेंढ्यातही लिग्निन असते बरे का!

पण रस्ता टिकलाच नाही तर? दर वर्षी नवा थर म्हणजे पुन्हा खडी, पुन्हा डांबर, पुन्हा धूर. आपल्या वसई-विरारकडे पाऊस धो धो पडतो. साचलेले पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते. वरून गाडीचे चाक गेले की ते पाणी जोराने दाबले जाते, खडी सुटते आणि खड्डा पडतो. म्हणून रस्ता कशाचाही असो, कडेचे गटार मोकळे हवे. गटारात कचरा न टाकणे हे काम तर आपल्या हातचे आहे. पालकांनीही याकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

करून पहा : पहिला पाऊस पडला की घरापासून शाळेपर्यंत पाणी कुठे कुठे तुंबते ते वहीत लिहा. महिन्याने त्याच जागा पुन्हा बघा. खड्डे कुठे पडले? उत्तर वर्गात सांगा.