स्वतंत्रपूर : तटाविना कारागृह

औंध संस्थानात १९३९ साली एक धाडसी प्रयोग झाला. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने व मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ कैद्यांची ‘स्वतंत्रपूर’ ही वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. चित्रपट गाजला, वसाहत मात्र फारशी कोणास ठाऊक नाही.

येथे उंच तट नाहीत. बंदी शेती कसतो आणि, विशेष म्हणजे, कुटुंबासह राहू शकतो. एरवी शिक्षा एकास होते, संसार मात्र साऱ्या घराचा मोडतो. पळून जाणे येथे अवघड नाही. पण मागे बायको-मुले आणि पेरलेले शेत असते. सद्वर्तनी, दीर्घ मुदतीच्या बंद्यांसाठी कुटुंबासह राहण्याची ही सोय अन्य खुल्या कारागृहांतही व्हावयास हवी.